डावी पापणी

स्क्रिप्टमध्ये एकच ओळ होती :
'ते चिखलातून वर येतं. भयंकर.'
बाकी सगळं आमच्या गळ्यात.

हाफ बेनन मंगळवारी कार्डिफच्या मासळीबाजारात गेली,
बर्फावर पालथ्या पडलेल्या पाकटासमोर
अर्धा तास उभी राहिली.
घेणार की नुसतंच बघणार, मासेवाल्यानं विचारलं.
तिनं दोन घेतले. एक चितारायला, एक रात्रीच्या जेवणाला.
परग्रहावरचं तोंड असं ठरलं.

मग माती, मग साचा, मग भट्टीत शिजणारं रबर,
त्याचा नाकात बसलेला अमोनिया
रविवारी चर्चमध्येही जाईना.
डोळा म्हणजे टेबल टेनिसचा अर्धा चेंडू,
आतून चिकटवलेल्या लाल रेशमाच्या शिरा.
लाळ म्हणजे भिंतीला कागद लावायची खळ,
तीत कणभर हिरवा.
कल्ल्यांना फुलायला सहा डझन कंडोम लागले.
स्टुडिओच्या नावानं पावती द्या म्हटल्यावर
औषधाच्या दुकानातल्या बाईनं माझ्याकडे पाहिलं,
मी खोकल्याच्या गोळ्यांकडे.

आम्ही पाच जण त्याच्या पोटाखाली, फळ्यांखाली, ताडपत्रीखाली.
ओवेनकडे पुढचे पाय.
ट्यूडर बहिणींकडे मिशा (त्या आपसांत बोलत नसत, मिशा बोलत).
एमलिनकडे श्वास : एक रबरी फुगा, दाबायचा, सोडायचा.
माझ्याकडे डावी पापणी.
उजवी सोमवारीच तुटली,
म्हणून त्या जिवाला जगानं एकाच बाजूनं पाहिलंय.

पापणी म्हणजे सायकलच्या ब्रेकची तार,
एक स्प्रिंग आणि माझं मधलं बोट.
ओढलं की मिटते. सोडलं की उघडते.
जिवंत ठेवायला काहीच करावं लागत नाही.

जानेवारी. दगडाची खाण. रात्रीचे दोन.
सेल्विन भोंग्यातून म्हणाला, झटकन मरू दे त्याला,
जनरेटरचं भाडं तासावर आहे.
एमलिन आठवडाभर जेवढा बोलला नव्हता तेवढं बोलला :
'श्वास असा जात नाही.
आधी वर वर चढतो, मग गळ्याशी अडून बसतो.
मग वाटतं, संपलं.
मग अजून एक येतो.'

ऱ्होंडा खोऱ्यात वाढलेल्या माणसाला
हे कुठं शिकलास, असं विचारायचं नसतं.
तिथं घरोघरी एक पलंग कधीतरी
जिन्यावरून खाली आणलेला असतो,
बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी.

नायकानं बंदूक रोखली :
केस वाळवायचं यंत्र, चंदेरी रंग मारलेलं.
पाय गेले. मिशा चिखलात पडल्या.
फुगा चढत गेला, अडला.
संपलं.
मग अजून एक.

मी बोट ओढलं.

आता सगळ्यांचे हात मोकळे होते, माझा सोडून.
स्प्रिंगला मरण कळत नाही,
ती उघडायलाच बघते.
इंचभर पडद्यावर, डावं-उजवं उलटं,
एक झाकलेला डोळा आणि त्यावर पडणारं भुरभुर पाणी.
सेल्विन थांबा म्हणेना.
तार बोटात रुतली, मग बोटच उरलं नाही,
तरी धरून बसले.
वर कुणीतरी नाक ओढलं. कॅमेरावाला असावा,
त्याला नेहमीच सर्दी.

थांबा, शेवटी आलं.
सोडलं तर डोळा खाडकन उघडला,
आणि अख्खी खाण हसली.
एमलिन बाहेर सरपटला, खिशातून रुमाल काढला,
त्याच्या तोंडाची खळ पुसत राहिला,
इस्त्रीचा रुमाल होता.

शनिवारी संध्याकाळी प्रसारण.
चार सेकंद ठेवले होते.
'अजून एक' कापला होता.

माझा भाचा जमिनीवर पोटावर पडून बघत होता.
रबर आहे हे कळतं, म्हणाला.

कळतंच की, म्हटलं,
आणि त्याच्या टोस्टला लोणी लावलं,
उजव्या हाताचं मधलं बोट वर धरून.